‘मुली येतच नाहीत’ म्हणे!

‘मुली येतच नाहीत हो! आमचं दार तर सगळ्यांना सताड उघडं आहे.’

उन्हाळी विज्ञान शिबिरं भरवणाऱ्या कुणाशीही बोलायला बसा, पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. बोलणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक जण विज्ञानप्रसारासाठी वर्षानुवर्षं झटलेले, खिशाला खार लावून काम केलेले असतात. म्हणूनच तर त्यांच्याशी भांडायचं. ज्यांच्याकडून काही अपेक्षाच नाही त्यांच्याशी भांडण्यात वेळ कोण घालवेल?

पण त्यांच्याशी भांडण्याआधी आपल्यातल्याच काही मैत्रिणींशी बोलायला हवं. कारण हा विषय बैठकीत काढला की आपल्याकडूनही एक उत्तर येतं: ‘हा शहरातल्या हुशार पोरांचा प्रश्न. आपल्यापुढे हुंडा आहे, हिंसा आहे, रेशन आहे. शिबिरांचं काय घेऊन बसलीस?’ हे उत्तर मला मान्य नाही. का, ते पुढे येईलच.

आधी ही शिबिरं काय असतात ते पाहू. शाळेतलं विज्ञान आपल्याला माहीत आहे. व्याख्या पाठ करायच्या, प्रयोगवहीत साहित्य-कृती-निरीक्षण-अनुमान असे चार मथळे आखायचे आणि निरीक्षण मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवायचं. कित्येक शाळांत प्रयोगशाळेचं कपाट तपासणीच्या दिवशी उघडतं. चांगल्या शिबिरात मात्र मुलीच्या पुढ्यात पहिल्यांदाच असा प्रश्न येतो, ज्याचं उत्तर गाईडमध्ये नसतं आणि कधी कधी शिकवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उपकरण तिच्या हातात येतं. ते बिघडतं, मोजमाप चुकतं, पुन्हा करावं लागतं. पुण्याच्या आयुका या संस्थेनं हे फार चांगल्या रीतीनं करून दाखवलं. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. त्यांच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकात तिथे शाळकरी मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम सुरू झाला. पुण्यातल्या शाळांमधली आठवी-नववीची मुलं सोमवार ते शुक्रवार संस्थेत यायची आणि चार-सहा जणांचा गट एकेका शास्त्रज्ञाबरोबर आठवडाभर काम करायचा. ठरीव अभ्यासक्रम नाही, पेपर नाही. मुख्य म्हणजे संध्याकाळी घरी परत. या शेवटच्या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ.

दुसरी शिबिरं निवडीची. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत मानखुर्दला आहे. ऑलिंपियाडसाठी देशभरातून निवडलेल्या मुलांची प्रशिक्षण शिबिरं एप्रिल ते जूनच्या काळात तिथे भरत आली. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं 1999 साली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना सुरू केली. अकरावीपासूनच्या मुलांची परीक्षा घ्यायची, निवडलेल्यांना पुढे मूलभूत विज्ञान शिकताना शिष्यवृत्ती द्यायची आणि शास्त्रज्ञांबरोबरच्या शिबिरांना बोलवायचं, अशी ती योजना. 2022 साली ती गुंडाळून इन्स्पायर योजनेत विलीन केली. इन्स्पायर 2008 ची. त्यात दहावीच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि अकरावीला विज्ञान घेतलेल्या मुलामुलींसाठी किमान पाच दिवसांची निवासी शिबिरं आखली होती.

एकूण काय, सोळाव्या वर्षी या दारातून आत गेलेल्या मुलाला शास्त्रज्ञ नावानं ओळखू लागतात, शिफारसपत्र मिळतं, कुठला अर्ज कधी करायचा ते कळतं, आणि ‘हे आपलं क्षेत्र आहे’ असं वाटू लागतं. ज्याला हे मिळालं नाही त्याला विसाव्या वर्षी सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. इथे मी ‘मुलगा’ लिहिलं ते मुद्दामच. 2024 साली इंग्लंडमध्ये बाथला झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारतानं चार सुवर्णपदकं मिळवली, देशाचा चौथा क्रमांक आला. आनंदाची गोष्ट. त्या संघातले सहाच्या सहा मुलगे होते. आदल्या वर्षीही तेच. फक्त मुलींसाठी युरोपात 2012 साली गणित ऑलिंपियाड सुरू झालं आणि 2015 पासून आपल्या मुलीही तिथे जाऊ लागल्या, तेव्हा कुठे मुलींच्या चार जागांची तरी तजवीज झाली.

आता त्या शब्दाकडे येऊ. ‘होतकरू विद्यार्थ्यांसाठी’, ‘विज्ञानाची खरी आवड असणाऱ्यांसाठी’, ‘जिज्ञासू मुलांसाठी’. पत्रक कुठलंही काढा, यातला एखादा शब्द असतोच. होतकरू म्हणजे कोण, हे ठरतं कसं? इन्स्पायरनं ठरवलं की वरचे एक टक्का. किशोर वैज्ञानिक योजनेनं ठरवलं परीक्षेवर, आणि त्या परीक्षेचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीची जिज्ञासा मोजायची तर आधी तिचं इंग्रजी मोजायचं. दुष्काळी गावात पावसाचं पाणी का मुरत नाही, विहिरीला यंदा क्षार का चढले, असले प्रश्न तिला पडत असतील तर ती जिज्ञासा कुठल्या रकान्यात लिहायची?

आवड ही काही जन्मखूण नव्हे. वेळ, जागा आणि कुणीतरी ‘छान प्रश्न विचारलास’ म्हणणारं माणूस, एवढं मिळालं की ती वाढते. मुलाच्या आवडीला हे सगळं मिळतं. त्यानं रेडिओ उघडून तारा विस्कटल्या तर ‘शास्त्रज्ञ आहे आमचा’ असं पाहुण्यांना कौतुकानं सांगतात. मुलीनं तेच केलं तर आधी पसारा आवरायला सांगतात.

शिवाय हल्ली आवड विकतही मिळते. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली, ती पाठांतरापलीकडचं काही शोधण्यासाठी. लेखी, प्रात्यक्षिक, मुलाखत आणि मुलांनी स्वतः केलेला संशोधन प्रकल्प, अशा तिच्या पायऱ्या. हेतू उत्तम. पण आज तिच्या तयारीचे खाजगी क्लास चालतात, तयार चाचण्या मिळतात, प्रकल्पाला ‘मार्गदर्शन’ मिळतं. अमेरिकेत तर हा धंदा फारच पुढे गेला आहे. तिथल्या प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेनं 2023 साली याची लक्तरं टांगली. शाळकरी मुलांचे आईबाप हजारो डॉलर मोजतात आणि मुलाच्या नावानं ‘शोधनिबंध’ छापून येतो, का तर कॉलेजच्या प्रवेशअर्जावर तो शोभून दिसावा. असले सशुल्क ‘संशोधन कार्यक्रम’ आता आपल्याकडच्या श्रीमंत शाळांमध्येही आपला माल घेऊन हिंडतात. जी कुटुंबं मुलासाठी एवढे पैसे काढतील ती मुलीसाठी किती काढतील, याचा हिशोब आपल्याला नव्याने करायला नको. घरात पैसा एकाच्या शिक्षणापुरता असला की तो कुणावर खर्च होतो, ते आपण महात्मा फुल्यांच्या काळापासून बघतोय.

आता उन्हाळा. शिबिरवाल्यांच्या लेखी उन्हाळा म्हणजे रिकामा वेळ. शाळा नाही, परीक्षा नाही, मुलं मोकळी. कोणाची मुलं? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा मे महिना एकदा ताशी लिहून काढा. मराठवाड्यात टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगेत उभं राहायचं. आई रोजगार हमीवर किंवा दुसऱ्याच्या शेतात गेली की धाकट्यांना सांभाळायचं. कुरडया, पापड, शेवया, सांडगे, वर्षाचं तिखट. आत्या बाळंतपणाला आली की तिचं करायचं. लग्नसराईत आलेल्यागेलेल्यांची ऊठबस. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं एप्रिल-मेमध्ये गावी परततात. त्यांच्यातल्या कितीतरी मुलींची शाळा दिवाळीनंतर जी सुटलेली असते ती सुटलेलीच. तिला उन्हाळी शिबिराचं पत्रक द्यायचं म्हणजे काय?

केंद्र सरकारचीच 2024 ची वेळ-वापर पाहणी बघा. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात. पुरुषांपैकी जे घरकामाला हात लावतात त्यांची 88 मिनिटं. मुलींना हा धडा देण्याचा सगळ्यात मोठा वर्ग उन्हाळ्यातच भरतो. भावाची सुट्टी ही सुट्टी असते, बहिणीची सुट्टी म्हणजे आईच्या हाताखाली पूर्ण वेळ उमेदवारी.

आणि उन्हाळा म्हणजे लग्नाचा हंगाम. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. पाचातल्या एकीपेक्षा जास्त. शिबिराची तारीख आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त एकाच महिन्यात येतात, आणि घरात चर्चा कशाची चालते ते वेगळं सांगायला नको. म्हणून मी म्हणते की हा आपलाच प्रश्न आहे. दहावीच्या सुट्टीत मुलीच्या हातात करायला काहीतरी ठोस काम असणं, दहा दिवस तिचं नाव कुठल्यातरी यादीत असणं, ‘पुढच्या वर्षीही ये’ असं तिला कुणी सांगितलेलं असणं, यानं ठरत आलेलं लग्न दोन वर्षं पुढे ढकलता येतं. बालविवाह थांबवायला आपण पोलिसांना फोन करतो, ग्रामसेवकाला धारेवर धरतो. ते करायलाच हवं. पण मुलीला घराबाहेर जायला एक निमित्त मिळवून देणं हेही त्याच कामाचा भाग आहे.

मग येतो परवानगीचा मुद्दा. बहुतेक चांगली शिबिरं निवासी. मुलगा दहा दिवस मानखुर्दला किंवा बंगळूरला गेला तर ‘जग बघून येऊ दे’ असं म्हणतात. मुलीसाठी प्रश्नांची रांग लागते. रात्री कुठे झोपणार? सोबत कोण? मुलं आणि मुली एकाच इमारतीत का? नेऊन सोडणार कोण? ‘पालकांनी पाल्याला स्वतः आणून पोचवावे’ ही ओळ लिहिणाऱ्याला ती साधी वाटते. पण बापाला रजा नाही, आईचा दोन दिवसांचा रोज बुडणार आणि एस.टी.चं दोघींचं जाण्यायेण्याचं भाडं, हे सगळं त्या एका ओळीत बसलेलं असतं. मुलासाठी कुणी एवढा विचार करत नाही. शेजारच्या गावातल्या कुणाबरोबर तरी त्याला धाडून देतात.

इथे मी पालकांना झोडपणार नाही. त्यांची भीती खोटी नाही. शिबिरात कुणा ‘मार्गदर्शका’नं मुलीच्या पाठीवरून हात फिरवला तर ती कुणाला सांगणार? तिनं सांगितलं तर पुढच्या वर्षापासून गावातली एकही मुलगी शिबिराला जाणार नाही, आणि ते तिलाही माहीत असतं, म्हणून ती गप्प बसते. या मुली अठरा वर्षांखालच्या असतात, म्हणजे 2012 चा पॉक्सो कायदा लागू होतो. तरी तक्रार कुणाकडे करायची हे पहिल्या दिवशी मुलींना मराठीत सांगितलं जातं का, मुक्कामाला बाई पर्यवेक्षक असते का, रात्री संडासाला जायचा रस्ता उजेडाचा आहे का, पाळी आली तर कापड किंवा पॅड मागायचं कुणाकडे, हे प्रश्न आयोजकांना विचारा. बरेच जण गोंधळतात. दुर्बिणीच्या आरशाचा व्यास त्यांना तोंडपाठ असतो. त्यावर काहींचा उपाय काय, तर मुलींनाच सातच्या आत खोलीत बंद करायचं. मुलगे रात्री गच्चीवर दुर्बिणीतून शनीची कडी बघतात आणि मुली खोलीत. खगोलशास्त्र रात्रीच शिकावं लागतं, त्याला आपण काय करणार!

ही अट नवी नाही. 1933 साली कमला भागवत मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिली आली आणि तिनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिक मिळालेले. अर्ज फेटाळला, कारण ती बाई. ती हटली नाही. बंगळूरला जाऊन ठाण मांडून बसली, कारण विचारलं. शेवटी रामननी प्रवेश दिला तो अटींवर: पहिलं वर्ष परीक्षेवर, काम कितीही उशिरापर्यंत करावं लागलं तरी करायचं, आणि तिच्या असण्यानं पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांचं लक्ष विचलित झालं तर जबाबदारी हिची! वर्षभरानं रामनना तिचं काम मान्य करावं लागलं. पुढे ती केंब्रिजला गेली आणि 1939 साली तिला पीएच.डी. मिळाली, विज्ञानातली ती पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो. नीरेच्या पोषणमूल्यांवर त्यांनी काम केलं, मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, ग्राहक चळवळीतही राबल्या. 1998 साली गेल्या.

त्या घरात वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते, तेही त्याच बंगळूरच्या संस्थेत. म्हणजे घराची अख्खी ताकद पाठीशी असूनही दार ठोठवायला सत्याग्रह करावा लागला. जिच्या पाठीशी कुणीच नाही तिनं काय करावं? आणि गंमत बघा, किशोर वैज्ञानिक योजना चालवण्याची जबाबदारी पुढे याच संस्थेकडे होती.

रोहिणी गोडबोले पुण्याच्या. मोठ्या भौतिकशास्त्रज्ञ, 2024 साली गेल्या. मुलींच्या ज्या शाळेत त्या शिकल्या तिथे सातवीपर्यंत विज्ञानाऐवजी गृहशास्त्र होतं, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी विज्ञान त्यांना वेगळं शिकावं लागलं. पुढे राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध योजनेची शिष्यवृत्ती मिळाली. 1964 साली देशभर सुरू झालेल्या त्या योजनेत निवडलेल्यांसाठी उन्हाळी वर्गही असत. मंगला नारळीकरांची गोष्ट वेगळी आणि जास्त ओळखीची. गणितात उत्तम, पण लग्न, परदेश, मुलं, सासूसासरे. पीएच.डी. झाली 1981 साली, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. आपली कहाणी म्हणजे घर आधी आणि काम नंतर मानणाऱ्या एका पिढीच्या शिकलेल्या बायकांची कहाणी आहे, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय, कसलाही आव न आणता. त्यांनी मुलांसाठी गणित सोपं करून लिहिलं, त्याचे उपकार आहेतच. पण मधली ती वर्षं कुणाच्या खात्यावर मांडायची?

आता आपल्या चळवळीचं. विज्ञानाकडे आपण संशयानं बघतो, आणि त्याला कारणं आहेत. गर्भजल परीक्षेनं मुली मारल्या. नेट-एन आणि डेपो-प्रोव्हेरासारखी इंजेक्शनं बायकांच्या दंडात टोचायला निघाले तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. 1985 नंतर मुंबईत लिंगनिदानाविरोधी मंच उभा राहिला आणि 1988 साली महाराष्ट्रानं देशातला पहिला गर्भलिंगनिदान विरोधी कायदा केला, तो बायकांनी आणि त्यांच्या सोबतीच्या डॉक्टर-वैज्ञानिकांनी लावून धरला म्हणून. हा इतिहास नीट आठवा. त्या लढ्यात आकडे कुणी वाचले? औषधांच्या चाचण्यांचे अहवाल इंग्रजीतून आणून आपल्याला समजावून कुणी दिले? विज्ञान शिकलेल्या मैत्रिणींनी. त्या मूठभर होत्या, आजही मूठभरच आहेत. नवी औषधं येताहेत, भाड्याच्या गर्भाशयांचा बाजार होऊन गेला, कॉम्प्युटर आता माणसं निवडू लागलाय. हे सगळं कुणीतरी बनवतं. बनवणाऱ्यांच्या टेबलाशी आपली माणसं नसतील तर आपण दर वेळी माल बाजारात आल्यावर मोर्चा काढणार. प्रयोगशाळेत गेलेली प्रत्येक मुलगी आपल्या बाजूची होईल असा माझा भाबडा समज नाही. काही जणी साहेबांच्याही वरताण साहेबीण होतील. तरी जाऊ द्या.

मुलींसाठी म्हणून वेगळं काही निघतं तेव्हा काय होतं तेही सांगायला हवं. ‘स्वयंपाकघरातील विज्ञान.’ दही का लागतं, डाळ का शिजत नाही, हळदीत चुना घातला की लाल का होते. विषय वाईट नाही, त्यात रसायनशास्त्र भरपूर आहे. मुलग्यांना शिकवा की! पण त्याच गावात मुलग्यांना रॉकेट आणि रोबो, आणि मुलींना दही, हे काय चाललंय? जिला चूल सुटावी म्हणून आपण झटतो तिला विज्ञानाच्या नावानं पुन्हा चुलीपाशीच नेऊन बसवायचं. केंद्र सरकारनं 2019 साली विज्ञान ज्योती ही नववी ते बारावीच्या मुलींची योजना आणली. जवाहर नवोदय विद्यालयांमधून ती राबवली गेली. प्रयोगशाळांना भेटी, शास्त्रज्ञ स्त्रियांशी गाठीभेटी, जादा वर्ग, असं तिचं स्वरूप. दिशा बरोबर. पण नवोदयची मुलगी ही जिल्ह्यातून परीक्षा देऊन आधीच निवडलेली. गावच्या जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतली मुलगी त्या दारापर्यंत कशी पोचणार?

‘पण मुलींसाठी अटी सैल केल्या तर दर्जा घसरेल,’ हा शेवटचा बाण. आयआयटींनी 2018 साली मुलींसाठी जादा जागा काढल्या, चौदा टक्क्यांपासून सुरुवात करून 2020 पर्यंत वीस टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं. मुलग्यांची एकही जागा कमी केली नाही. तेव्हाही हाच ओरडा झाला. आयआयटी काही बुडाल्या नाहीत. आणि दर्जा म्हणजे काय, याचं उत्तर मानखुर्दच्याच केंद्रानं कधीचं देऊन ठेवलंय. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या केंद्रानं मुंबई महापालिकेच्या शाळांमधली अनुसूचित जातींची मुलंमुली घेतली. व. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं, शालान्त परीक्षेपर्यंत, त्यांच्याबरोबर काम केलं. मुलांचं घोडं अडतं ते बरेचदा विषयापाशी नव्हे, पुस्तकाच्या भाषेपाशी, हे त्यांना दिसलं. भाषेची अडचण दूर केली, प्रश्न विचारायची सवय लावली, आणि मुलांचे निकाल स्पष्टपणे सुधारले. म्हणजे प्रतिभा हुडकून काढण्यापेक्षा ती जोपासावी लागते, हे आपल्याच महाराष्ट्रात, सरकारी पैशानं, दलित मुलांबरोबर सिद्ध झालेलं आहे. तरी चाळीस वर्षांनंतर शिबिरांच्या पत्रकावर ‘वरचे एक टक्का’ आणि ‘प्रज्ञावंत’ हेच शब्द!

तेव्हा मागायचं काय? पहिलं म्हणजे शिबिरं खाली आणा. दर उन्हाळ्यात तालुक्याच्या एका शाळेत, दिवसाचं, संध्याकाळी पाचला संपणारं शिबिर. आयुकाचा कार्यक्रम मुलींना सोपा होता तो याच कारणानं, फक्त त्यासाठी पुण्यात जन्मावं लागत होतं. शिबिर मराठीत हवं. निवड मार्कांवर नको. शाळेतल्या बाईंनी, अंगणवाडीताईनं, आपल्या गटानं सुचवलेली मुलगी घ्या, आणि अर्जात तिला एकच विचारा, तुला कुठला प्रश्न पडलाय? जेवण आणि प्रवास फुकट तर हवाच, पण मजुरीला जाणाऱ्या मुलीला दिवसाचा भत्ताही हवा. हे ऐकून भुवया उंचावतात. कशाला उंचावाव्यात? मोठ्या संशोधकांना परिषदेला जायचा भत्ता मिळतो तेव्हा त्यांची ज्ञानपिपासा कमी झाली असं कुणी म्हणत नाही. निवासी शिबिर असेल तर दहा मुलींमागे एक जाणती बाई सोबत, आणि तिला मानधन. आपल्या गावोगावच्या कार्यकर्त्या हे काम उत्तम करतील, पण फुकट नाही. सेवेच्या नावानं बाईचं राबणं पुरे झालं.

शिबिर संपल्यावर काय, हाही मुद्दा आहे. पाच दिवस आकाश दाखवायचं आणि सहाव्या दिवशी पुन्हा हंड्यांच्या रांगेत, याला काही अर्थ नाही. एखादी साधी दुर्बीण, एक सूक्ष्मदर्शक, चार पुस्तकं गावातच राहू द्या आणि वर्षभर महिन्यातून एकदा कुणीतरी या. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात नको, मुलींकडे.

आपल्याकडूनही दोन गोष्टी व्हायला हव्यात. उन्हाळ्याचे अर्ज हिवाळ्यातच निघतात, एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही. डिसेंबर-जानेवारीच्या बैठकीत कुठलं शिबिर, कुठला अर्ज, शेवटची तारीख काय, हे फळ्यावर लिहायचं आणि अर्ज भरून द्यायला बसायचं. अर्ज इंटरनेटवर असतात, ईमेल मागतात, मुलीकडे स्वतःचा फोन नसतो. हे काम गटातल्या तरुण मुली तासाभरात करतील. मग त्या घरी जायचं. बापाशी बोलायचंच, पण आईशी आधी. मुलगी नसताना पाणी कोण भरणार हा तिचा खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर ‘तिचा भाऊ’ हे आपणच तिथे उभं राहून द्यायचं, भावाच्या समोर.

आणि दुसरं, हिशोब मागायचा. ‘मुली येतच नाहीत’ म्हणणाऱ्या प्रत्येक सरकारी संस्थेला विचारायचं: गेल्या पाच वर्षांत अर्ज किती आले, त्यात मुली किती, दलित-आदिवासी मुली किती, मराठी माध्यमाच्या किती, निवड झाल्यावर न आलेल्या किती आणि त्या का आल्या नाहीत हे कुणी विचारलं का. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली साध्या कागदावर अर्ज चालतो, फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. प्रत्येक जिल्ह्यातल्या गटानं या महिन्यात एकेका संस्थेला अर्ज टाका आणि आलेली उत्तरं मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात ती जशीच्या तशी छापू.